खुकरीवरच्या नौसैनिकाचं नाव नव्या युद्धनौकेला देता येईल का?

गारगोटीकडच्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्याचे चुलत आजोबा १९७१ च्या युद्धात आयएनएस खुकरीवर होते, ते परत आले नाहीत. त्यांना वीरचक्र मिळालं होतं असं गावात सांगतात. अमेरिकेत एका साध्या वाढप्याच्या नावाने विमानवाहू जहाज बांधलं जातंय हे वाचल्यावर गावातल्या पोरांनी मनावर घेतलंय. येत्या ग्रामसभेत ठराव करायचा, खासदारांची शिफारस जोडायची आणि नौदलाच्या पुढच्या एखाद्या जहाजाला आजोबांचं नाव द्या म्हणून दिल्लीला पाठवायचं. हे होईल का? आणि ठरावाचा मसुदा कसा असावा?

मी नौदलात इंजिन रूमच्या शाखेत नोकरी केली. निवृत्त होऊन कोल्हापुरात आल्यापासून माजी सैनिकांच्या घरच्यांना कागदपत्रांत मदत करतो. म्हणून आधी सरळ सांगतो, जहाजाला नाव मिळणार नाही. निदान आज जी पद्धत आहे त्यात बसत नाही, आणि खासदारांच्या पत्राने त्यात फरक पडेल असं मला वाटत नाही. पण तुमचा प्रश्न वाचताना मला खटकलं ते दुसरंच. तुम्ही आजोबांचं पद लिहिलेलं नाही, नंबर लिहिलेला नाही, वीरचक्र ‘सांगतात’ असं लिहिलंय. म्हणजे गावाला माणूस आठवतोय, पण हातात कागद एकही नाही. ठराव जहाजाचा करा नाहीतर शाळेचा, तो अडणार इथेच. त्यावर खाली सविस्तर लिहितो. आधी जहाजांच्या नावांचं बघू, कारण तुमची पोरं तिथेच अडकली आहेत.

आपल्या नौदलात जहाजांची नावं ठरवायला मुख्यालयात एक नामकरण समिती असते. ती जहाजाच्या प्रकाराप्रमाणे नावं सुचवते आणि शेवटची मंजुरी वरून येते. विनाशिका शहरांच्या नावाच्या: दिल्ली, मुंबई, कोलकाता, विशाखापट्टणम, इंफाळ, सुरत. फ्रिगेटला डोंगर, नद्या नाहीतर शस्त्रं: सह्याद्री, सातपुडा, गोदावरी, तलवार, त्रिशूल. पाणबुड्यांना कलवरी, वेला, वागीर अशी बहुतेक माशांची नावं, त्यात खांदेरी हे आपल्या कुलाब्याच्या किनाऱ्यावरच्या किल्ल्याचं. नुकती दाखल झालेली अर्नाळा हीसुद्धा किल्ल्याचीच. या सगळ्या यादीत माणूस कुठेच नाही. आपल्या लढाऊ जहाजांना व्यक्तीचं नाव द्यायची रीत नाही.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, मग आयएनएस शिवाजी? आयएनएस आंग्रे? ही जहाजं नाहीत. शिवाजी हे लोणावळ्याचं मरीन इंजिनिअरिंगचं प्रशिक्षण केंद्र, आमच्यासारखे इंजिनवाले तिथूनच तयार होतात. आंग्रे मुंबईतला किनाऱ्यावरचा तळ. नौदलात जमिनीवरच्या तळालाही आयएनएस लावतात, म्हणून गल्लत होते. मी सुट्टीवर आलो की शेजारचे विचारायचे, ‘तुमची शिवाजी बोट सध्या कुठल्या समुद्रात आहे?’ लोणावळ्यात आहे म्हटलं की पुढचा अर्धा तास समजावण्यात जायचा.

व्यक्तीचं नाव तरंगत्या जहाजाला देण्याची प्रथा आपल्याकडे अगदीच नाही असंही नाही, पण ती मुख्यतः नौदलाबाहेर आहे. तटरक्षक दलाने गस्ती जहाजांना ताराबाई, अहिल्याबाई, जिजाबाई, सावित्रीबाई फुले अशी नावं दिली. कावळा नाक्यावर ज्यांचा घोड्यावरचा पुतळा आपण रोज बघतो, त्या महाराणी ताराराणींच्या नावाचं जहाज समुद्रात गस्त घालत होतं हे कोल्हापुरात फार थोड्यांना ठाऊक आहे. शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने १९८० च्या दशकात आपल्या १५ तेलवाहू जहाजांना परमवीरचक्र विजेत्यांची नावं दिली. त्यात मेजर सोमनाथ शर्मा होते, कारवारकडचे रामा राघोबा राणे होते. ती जहाजं वय झाल्यावर मोडीत निघाली. २३ जानेवारी २०२३ ला अंदमान-निकोबारच्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली गेली. पण या दोन्ही याद्यांत नौदलाचा माणूस नाही, कारण नौदलातल्या कुणाला परमवीरचक्र मिळालेलंच नाही.

आता अमेरिकेचं. तुम्ही वाचलं ते खरं आहे. डॉरिस मिलर हा टेक्सासचा कृष्णवर्णीय तरुण. त्या काळी अमेरिकन नौदलात कृष्णवर्णीयांना बहुधा अधिकाऱ्यांच्या खानावळीतच काम मिळायचं, वाढायचं, कपडे गोळा करायचे. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा तो वेस्ट व्हर्जिनिया या युद्धनौकेवर होता. जखमी कप्तानाला हलवायला त्याने मदत केली आणि मग जी विमानविरोधी मशीनगन चालवायचं शिक्षण त्याला कधी दिलंच नव्हतं ती धरून विमानांवर मारा केला. मे १९४२ मध्ये ॲडमिरल निमित्झ यांनी त्याच्या छातीवर नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक लावलं. नोव्हेंबर १९४३ मध्ये लिस्कोम बे हे जहाज बुडालं, त्यात तो गेला. १९७३ मध्ये एका फ्रिगेटला मिलर नाव मिळालं आणि विमानवाहू जहाजाला त्याचं नाव देण्याची घोषणा झाली जानेवारी २०२० मध्ये. म्हणजे पराक्रमानंतर जवळपास ८० वर्षांनी. तुमच्या पोरांना हे आवर्जून सांगा. तिथेही सगळं झटपट होत नाही, आणि मिलरच्या बाबतीत तर त्याच्या रंगामुळे सुरुवातीला नावसुद्धा जाहीर होत नव्हतं.

त्यांच्याकडे विनाशिकेला शूर नौसैनिकाचं नाव देणं ही जुनी परंपरा आहे आणि नाव ठरवायचा अधिकार नौदलाच्या मंत्र्याच्या हातात असतो. शिवाय संख्येचा मुद्दा आहे, तो कुणी बघत नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट नावाची लहान जहाजं पाचशेहून जास्त बांधली. इतक्या जहाजांना नावं हवीत म्हटल्यावर खलाशी, कॉक्सवेन, तोफची सगळ्यांना जागा होते. आपलं अख्खं नौदल सगळी लहानमोठी जहाजं धरून सव्वाशे-दीडशेच्या घरात. वर्षात मोठी लढाऊ जहाजं येणार ती हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी.

त्या लहान जहाजांपैकी एकाची गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा रेंगाळतो. सॅम्युअल रॉबर्ट्स हा कॉक्सवेन, म्हणजे लहान बोट हाकणारा. सप्टेंबर १९४२ मध्ये ग्वाडलकॅनाल बेटावर अडकलेल्या सैनिकांना बाहेर काढताना शत्रूचा मारा त्याने स्वतःच्या बोटीवर ओढवून घेतला आणि त्यात गेला. त्याच्या नावाचं जहाज एप्रिल १९४४ मध्ये दाखल झालं. सहा महिन्यांत, २५ ऑक्टोबर १९४४ ला, समार बेटाजवळ या चिमुकल्या जहाजाची गाठ जपानच्या मुख्य ताफ्याशी पडली. ताफ्यात यामातो होती, जगातली सगळ्यात मोठी युद्धनौका. रॉबर्ट्सवर पाच इंची तोफा दोनच. मागच्या तोफेवर पॉल कार नावाचा तोफची होता. ती तोफ आतच फुटली. लोक तिथे पोचले तेव्हा कार मरणाच्या दारात होता आणि उरलेला शेवटचा गोळा हातात धरून तो भरायला मदत करा म्हणत होता. जहाज बुडालं. पुढे कारच्या नावाने एक फ्रिगेट निघाली, बुडालेल्या रॉबर्ट्सचे कप्तान कोपलँड यांच्या नावाने दुसरी, आणि रॉबर्ट्सच्या नावाने पुन्हा दोन जहाजं झाली. त्यातलं तिसरं रॉबर्ट्स १९८८ मध्ये इराणच्या आखातात सुरुंगावर आदळलं. पाणी आत घुसत असताना धावणारे खलाशी पहिल्या रॉबर्ट्सच्या माणसांची नावं कोरलेल्या पाटीला हात लावून पुढे जात होते असं सांगतात. जहाज वाचलं.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग आपण का नाही? यावर माझं मत खुकरीवरूनच बनलं आहे.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने खुकरीवर पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, सोडला. आकाशवाणीच्या पावणेनऊच्या बातम्या चालू होत्या, त्यामुळे बरेच जण खाली बातम्या ऐकत होते, असं वाचलेल्यांनी सांगितलं आहे. जहाज काही मिनिटांत गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्याच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते जहाजावरच थांबले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. स्वातंत्र्यानंतर लढाईत गमावलेलं आपलं हे एकमेव जहाज.

नौदलाने काय केलं? मुल्ला नावाचं जहाज काढलं नाही. ऑगस्ट १९८९ मध्ये नवी कॉर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटपेक्षा लहान लढाऊ नौका, दाखल केली आणि तिला नाव दिलं खुकरी. आपल्याकडे जपतात ते जहाजाचं नाव. विक्रांत परत आली, कलवरी परत आली, आमच्या वेळच्या वाफेवर चालणाऱ्या हिमगिरी-उदयगिरी निघून गेल्या आणि २०२५ मध्ये त्याच नावांच्या नव्या फ्रिगेट आल्या. मला हे पटतं. खुकरीवर १९४ जण गेले. त्यातला एक निवडून त्याचं नाव लावलं की उरलेल्या १९३ घरांना काय सांगायचं? आम्ही इंजिन रूमवाले तर कुणाच्या नजरेस पडत नाही. बॉयलर रूममधून वर यायला एक उभी शिडी असते आणि तिच्या तोंडाशी एका वेळी एकच माणूस निघेल एवढा हॅच. पाण्याखाली मार बसला की खालच्यांनी शेवटच्या मिनिटाला काय केलं हे सांगायला मागे कुणी राहत नाही. साक्षीदार नाही म्हणून शिफारस नाही, शिफारस नाही म्हणून पदक नाही. खुकरी या एका नावात ते सगळे येतात, तुमचे आजोबाही.

दुसरी बाजूही सांगतो, कारण माझं मत सगळ्या माजी नौसैनिकांना पटेल असं नाही. खुकरीच्या दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबर १९७१ ला, पूर्वेकडे आताच्या बांगलादेशातल्या खुलना इथे पद्मा आणि पलाश या दोन बोटी नदीतून आत गेल्या. कोलकाता बंदराच्या या बोटींवर तोफा बसवून त्या मुक्तिवाहिनीला दिल्या होत्या. सोबत आपली पनवेल ही गस्ती नौका होती आणि मोहिमेचे प्रमुख होते आपले मराठी अधिकारी कमांडर सामंत. आपल्याच विमानांनी शत्रू समजून त्या दोन बोटींवर मारा केला. पलाशच्या इंजिन रूममध्ये मोहम्मद रुहुल अमीन हे आर्टिफिसर होते, म्हणजे आमच्याच धंद्यातले. बोट सोडा असा हुकूम झाला तरी ते इंजिन वाचवायच्या प्रयत्नात राहिले. जखमी होऊन काठाला लागले आणि तिथे पाकिस्तानच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांनी त्यांना मारलं. बांगलादेशने त्यांना बीरश्रेष्ठ हा आपला सर्वोच्च किताब दिला आणि नौदलाच्या जहाजाला शहीद रुहुल अमीन हे नाव दिलं. त्याच कारवाईत आपले लीडिंग सीमन चिमण सिंग होते. स्वतः जखमी असताना त्यांनी बुडणाऱ्या दोन साथीदारांना काठाला आणलं, त्यांना निसटता यावं म्हणून गोळीबार अंगावर घेतला आणि पकडले गेले. त्यांना महावीरचक्र मिळालं. अधिकारी नसलेल्या नौसैनिकाला इतका मोठा सन्मान मिळणं आपल्याकडे फार दुर्मिळ. एकाच नदीवरची, एकाच मोहिमेतली दोन माणसं. शेजारच्या देशात एकाचं नाव जहाजाला मिळालं, आपल्याकडे दुसऱ्याचं नाव किती जणांनी ऐकलंय? लढाऊ जहाजं राहू देत, पण प्रशिक्षणाच्या एखाद्या जहाजाला अशा माणसाचं नाव द्यायला हरकत नसावी, असं मला स्वतःला वाटतं. पण ती मागणी माजी नौसैनिकांच्या संघटनांनी मिळून करायची. एका गावाने आपल्या माणसासाठी केली तर तिची पोच येईल आणि फाइल बंद होईल.

आता कागदांकडे वळतो. माझ्या अनुभवात निम्मी भांडणं इथेच होतात.

पहिलं, वीरचक्र. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर परमवीरचक्रापासून शौर्यचक्रापर्यंतच्या मानकऱ्यांची नावं आहेत. तिथे आधी शोधा. नाव सापडलं तर उत्तम, पुढचं बरंच काम सोपं होईल. नाही सापडलं तरी गाव खोटं बोलतंय असा अर्थ काढू नका. १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर असलेल्यांना पश्चिमी स्टार मिळाला, त्याशिवाय संग्राम मेडल होतं. ही मोहिमेची पदकं, त्या भागात सेवेत असलेल्या सगळ्यांना मिळालेली. शौर्यपदकं ती नव्हेत. पण गावात फीत लावलेलं काहीही पेटीतून निघालं की त्याला वीरचक्र म्हणायची सवय आहे. दोन-तीन घरांत मी हेच पाहिलंय. वहिनी किंवा आजी पदक काढून दाखवतात, आणि त्यांच्यासमोर हे वीरचक्र नाही म्हणणं जिवावर येतं. तरी सांगावं लागतं, कारण उद्या ते दगडावर कोरलं जाणार असतं.

पदक हातात असेल तर ते उलटून कड नीट बघा. बारीक अक्षरात नंबर, पद आणि नाव ठोकलेलं असतं, काही पदकांवर ते मागच्या बाजूला असतं. घरात भिंग नसेल तर गुजरीतल्या कुठल्याही सराफाकडे जा, तो डोळ्याला भिंग लावून अर्ध्या मिनिटात वाचून देईल. एक मात्र करू नका, चमकवायला म्हणून हुपरीला पॉलिशला देऊ नका. घासल्यावर कडेचं कोरीव पहिलं जातं. संग्राम मेडल चांदीचं नाहीच, त्यामुळे ते चांदीसारखं चमकणारही नाही. तो नंबर म्हणजे तुमच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. जुनी तार, पेन्शनची कागदपत्रं, नौदलाकडून आलेलं कुठलंही पत्र यांवरही तो मिळेल.

नंबर मिळाला की कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथून नौसैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या ब्यूरो ऑफ सेलर्सला, म्हणजे मानखुर्दच्या चीता कॅम्पला, अर्ज पाठवा. अर्ज शक्यतो सगळ्यात जवळच्या वारसाच्या सहीने जाऊ दे. आजोबांचं लग्न झालं होतं की नाही, वारस कोण, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि वेळ किती लागेल हे बरंचसं त्यावर अवलंबून आहे. पत्नी किंवा मुलं असतील तर अर्ज त्यांचा. नसतील तर भावाकडून नातं दाखवणारी कागदपत्रं जोडावी लागतील. मागायचं एवढंच: पूर्ण नाव, नंबर, मृत्यूच्या वेळचं पद, शाखा, जहाज आणि मिळालेली पदकं. माहिती अधिकाराचा रस्ता आहे, पण तो आधी धरू नका. घरच्या माणसाने साध्या शब्दांत मागितलेल्या माहितीला सहसा जास्त चांगलं उत्तर येतं.

हे सगळं का करायचं? कागल भागातल्या एका गावात स्मारकाच्या दगडावर नौसैनिकाच्या नावाआधी ‘कॅप्टन’ कोरलं होतं. कुणीतरी सैन्यातल्या हिशेबाने घातलं असणार. नौदलात कॅप्टन म्हणजे सैन्यातल्या कर्नलच्या बरोबरीचा, मोठं जहाज चालवणारा माणूस. अनावरणाला आलेल्या निवृत्त अधिकाऱ्याने सहज विचारलं, ‘यांच्या ताब्यात कुठलं जहाज होतं?’ व्यासपीठावर कुणालाच बोलता येईना. तो माणूस लीडिंग सीमन होता, युद्धात गेला होता, त्याला खोट्या पदाची काहीच गरज नव्हती. शेवटी दगड बदलला, पण खर्च दुप्पट झाला आणि घरच्यांना चारचौघांत मान खाली घालावी लागली.

एक विनंतीही करून ठेवतो. आजोबांना आता मरणोत्तर पदक द्या अशी मागणी ठरावात घुसडू नका. इतक्या वर्षांनी त्या शिफारशी उघडत नाहीत, आणि एका ठरावात तीन मागण्या असल्या की तिन्ही मागे पडतात.

मग करायचं काय? दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सैनिकांची नावं ग्रॅनाइटवर कोरली आहेत, त्यात खुकरीची माणसं आहेत. संकेतस्थळावर नाव शोधता येतं. आजोबांचं नाव कोणत्या स्पेलिंगने आहे ते बघून ठेवा आणि तेच स्पेलिंग सगळीकडे वापरा. तिथे रोज संध्याकाळी एका हुतात्म्याच्या कुटुंबीयांच्या हस्ते पुष्पचक्र वाहण्याचा कार्यक्रम असतो. घरच्यांची इच्छा असेल तर सैनिक कल्याण कार्यालयामार्फत त्यासाठी विचारणा करा. पोरांच्या फ्लेक्सपेक्षा आजोबांच्या भावंडांपैकी कुणी हयात असेल तर त्यांना तिथे नेणं मला महत्त्वाचं वाटतं. आणि दीवला जा. तिथे समुद्राकडे तोंड केलेलं खुकरीचं स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती आहे. १९८९ ची दुसरी खुकरी डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली, तीही संग्रहालय म्हणून दीवलाच दिली आहे. खऱ्या जहाजाच्या आत उतरून शिडी आणि हॅच बघितलात की मी वर काय लिहिलं ते तुमच्या पोरांना वेगळं सांगावं लागणार नाही.

गावापुरतं बोलायचं तर कमान, चौक, रस्ता, शाळा असे पर्याय लोक घेतात. कमानीवर पैसा जातो आणि दुसऱ्या वर्षी तिच्यावर वाढदिवसाचे बोर्ड लागतात. आपल्या जिल्ह्यात हे काय नवीन नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेला नाव द्यायला वरची मंजुरी लागते, त्यात काळ जातो. मला विचाराल तर वाचनालय किंवा अभ्यासिकेला नाव द्या. तुमच्या भागात भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात, पण त्यांच्या डोक्यात सैन्य आणि पोलीस एवढंच असतं. नौदलाचा फॉर्म भरणारा विरळा. समुद्र न बघितलेल्या गावातून एक माणूस १९७१ च्या आधी नौदलात कसा पोचला, हे त्या अभ्यासिकेच्या भिंतीवर लिहिलेलं असलं तर ९ डिसेंबरला कार्यक्रम करायलाही कारण मिळेल. पण गावात आधीच एखादी अभ्यासिका दुसऱ्या कुणाच्या नावाने असेल तर वाद ओढवून घेऊ नका, तिच्यातला एक कोपरा मागा.

थोडक्यात क्रम असा ठेवा: आधी नंबर शोधा, मग शौर्य पुरस्कारांची यादी आणि युद्ध स्मारकाचं संकेतस्थळ तपासा, मग सैनिक कल्याण कार्यालयातून ब्यूरोला अर्ज, आणि ब्यूरोचं पत्र हातात आल्यावर ग्रामसभा.

मसुदा मागितलात म्हणून देतो. ‘सन १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात दिनांक ९ डिसेंबर १९७१ रोजी आयएनएस खुकरी या युद्धनौकेवर कर्तव्य बजावत असताना वीरमरण आलेले, या गावचे सुपुत्र (पद, नाव, नंबर) यांचे नाव गावातील सार्वजनिक अभ्यासिकेस देण्यात यावे व दरवर्षी ९ डिसेंबर रोजी ग्रामपंचायतीतर्फे अभिवादन करण्यात यावे, असे ही ग्रामसभा ठरवीत आहे.’ सूचक म्हणून घरच्यांपैकी कुणाला उभं करा, अनुमोदक गावातला एखादा माजी सैनिक असू दे. ठरावाची एक प्रत सैनिक कल्याण कार्यालयाला द्या, म्हणजे कार्यक्रमाला नौदलाचा प्रतिनिधी मागताना तिचा उपयोग होईल. कंसातली जागा मात्र पत्र येईपर्यंत कोरीच ठेवा, आणि तोवर पेंटरला बोलावू नका.